वीस दिवसांचा ताण

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो कुणी विचारलं तर सांगत असे. विचारणारी तशी एकच होती, बायको. आणि सहा वर्षांत तिला हे 'राहून गेलं' पाठ झालं होतं. पण राहून जायला पत्र काही छत्री नव्हे, कुठेतरी टेकवली आणि विसरली. ते टेबलाच्या उजव्या खणात होतं, आणि त्याच्यावर आठ-दहा अर्धवट मसुदे होते. पहिला मसुदा चार पानांचा होता, दुसरा सात. मग त्याला वाटलं, इतक्या उशिरा जाणारं उत्तर निदान चांगलं तरी असावं. जसजसा उशीर वाढला तसतसं ते आणखी चांगलं असण्याची गरज वाढत गेली, आणि शेवटी अशी वेळ आली की तसं उत्तर लिहायला त्याच्याहून बरा लेखक लागला असता. चाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या वाक्यांत काय चुकलं हे त्याला चटकन दिसे. स्वतःचं वाक्य मात्र कागदावर उतरलं की त्याला ते कुणातरी नवशिक्याचं वाटे, आणि तो ते शांतपणे, दुसऱ्याचंच असल्यासारखं, खोडून टाकी.

पत्र आलं होतं ते एका कुंडीबरोबर. भाची, म्हणजे ताईची मुलगी, एवढ्या लांबच्या प्रवासात ती कुंडी मांडीवर घेऊन आली होती, आणि दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते. बोगनवेल. ताईने आयुष्यभर रोपवाटिकेत काम केलं, तिच्याकडून दुसरं काय येणार! पत्राची दोन्ही पानं वेलीबद्दलच होती: हिला वेल म्हणतात, पण छाटत राहिलं तर छान झुडूप होतं, बारा महिने हिरवी राहते, ऊन भरपूर हवं, पाणी बेताचं, फार लाड करू नकोस. दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, जागा संपत आल्यावर दाटीदाटीने लिहितात तशा ओळी होत्या: 'सोळाव्या वर्षी तुला तिकडे लावलं तेव्हा मी तुला ताण दिला. आता मागे बघताना वाटतं, जरा जास्तच झाला. वेल कशी आहे, तू कसा आहेस, कळव.'

त्याने ते वाचलं आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. 'लावलं'खाली रेघ ओढून त्याने समासात लिहिलं, 'पाठवलं?' आणि 'ताण दिला'खाली रेघ ओढून, 'त्रास?' चाळीस वर्षांची सवय. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह. पण प्रश्नचिन्ह काढून झाल्यावर तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसला होता. ताण. डॉक्टर म्हणतात ना, जरा ताण कमी घ्या. कचेरीतले लोक म्हणतात, फार ताण आहे हो कामाचा. छापखान्यातल्या त्या पहिल्या चौदा महिन्यांना ताईने हा शब्द द्यावा? एवढ्या वर्षांनी बोललीच, तर हे? त्याने पत्र घडी करून खणात ठेवलं आणि कुंडी बाल्कनीत. वेलीला मात्र त्याने एक दिवसही पाणी चुकवलं नाही. सकाळी उठला की झारी. आजारी असला तरी झारी. उत्तर न दिल्याची भरपाई तो त्या झारीने करत होता, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो पाणी जरा जास्तच घाली. वेल कठड्यावरून शेजारच्यांच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत गेली, हिरवीगार, काटेरी, मस्तवाल. सहा वर्षांत फूल म्हणून आलं नाही. बायको तिला घरजावई म्हणे. "उठला का तुमचा घरजावई? झालं का त्याचं पाणी? आता आम्हाला चहा मिळेल का?"

हे असंच चालत राहिलं असतं. पण त्या मंगळवारी त्याचं रोजचं वाचनालय उघडायला उशीर झाला आणि वेळ काढायला तो इमारतीला वळसा घालून मागे गेला. मागच्या भिंतीला लागून दहा-बारा कुंड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. बोगनवेलच. पण काय दशा! पानं खाली लोंबलेली, कडा वळलेल्या, माती कडेने कुंडी सोडून आत ओढली गेलेली. कुणीतरी आणून टाकली आणि विसरलं, असं त्याला वाटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि चोरी करावी तशी घाईघाईने पहिल्या तीन कुंड्यांत रिकामी केली.

"अहो काका! काका, थांबा, थांबा!"

वाचनालयाची माळीण हातात कातरी घेऊन धावत येत होती. पन्नाशीची बाई, कमरेला जाड कापड बांधलेलं. तिने पहिल्या कुंडीत बोट खुपसलं आणि कपाळाला हात लावला.

"काय केलंत हे?"

"सुकत होती," तो रिकामी बाटली पिशवीत कोंबत म्हणाला.

"सुकत नव्हती, मी सुकवत होते! सतरा दिवस झाले होते आज. ताण दिला होता मी यांना. तीन राहिले होते फक्त, आणि तुम्ही मोडलात."

"काय दिला होता?"

"ताण. ताण माहीत नाही? रोज एवढी पुस्तकं वाचता, एकात पण नाही लिहिलेलं?" मग त्याचा चेहरा बघून ती जरा नरमली. "पाणी तोडायचं, काका. वीस दिवस. झाडाला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही. तेव्हा ते फुलायचं मनावर घेतं. रोज पाणी मिळालं तर कशाला फुलेल? पाला वाढवत बसतं नुसतं."

"पण बघवत नाही."

"मला तरी कुठे बघवतं? म्हणून तर मागे आणून ठेवल्या. समोर असल्या की हात झारीकडे जातो. इकडे फिरकायचं नाही. बघायचं ते लांबून, कोपऱ्यावरून."

"आणि मेलं एखादं तर?"

"मरतं एखादं." तिने कातरीने एक वाळकी काडी तोडली. "वीसच्या पुढे गेलं तर तो ताण नव्हे, मारणंच. आणि नव्या रोपाला तर द्यायचाच नाही ताण. त्याला आधी मुळं धरू द्यावी लागतात. बरं, या तिघींना आता यंदा फूल नाही. तुमचं नाव सांगते मी त्यांना."

तो हसला, कारण ती हसली होती. मग वाचनालयात न जाता तसाच घरी आला. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर त्याला थांबावं लागलं, दम लागला म्हणून नव्हे. 'तुला तिकडे लावलं.' ताईने चुकीचा शब्द वापरलाच नव्हता. तिने तिचा शब्द वापरला होता, रोपवाटिकेतला, हाताला माती लागलेला. आणि याने, ज्याला शब्दांचं सगळं कळतं असा लौकिक होता त्याने, त्याच्या समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेही एका शब्दाला नाही, दोन शब्दांना.

लहानपणी तो त्या रोपवाटिकेतच वाढला म्हणायचा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई तेरा. वडील त्यानंतर सहा वर्षांनी. ताई पिशव्यांत माती भरायची आणि तो रिकाम्या कुंड्या उलट्या घालून त्यावर बसून तिला धडे मोठ्याने वाचून दाखवायचा. ती ऐकते की नाही हे त्याला कधी कळलं नाही, पण तो एखादी ओळ गाळून पुढे गेला की ती मान वर न करता म्हणे, "मधलं कुठे गेलं?" सोळाव्या वर्षी तिने त्याला शहरातल्या छापखान्यात चिकटवलं. निघताना तो नवा शर्ट घालून दारात उभा होता आणि तिचे हात मनगटापर्यंत मातीने भरलेले होते. तिने हात पाठीमागे धरले आणि कोपराने त्याला हलकेच पुढे ढकललं. "जा. शर्टाला लागेल." स्टेशनवर ती आली नाही.

छापखान्याच्या वर एक खोली होती, चार खाटांची, शाईच्या आणि रॉकेलच्या वासाची. खालची यंत्रं सुरू झाली की खाटा थरथरत. दर रविवारी तो रद्दी मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूला ताईला पत्र लिही. एकाचंही उत्तर आलं नाही. आधी वाटलं, ती आजारी असेल. मग वाटलं, पत्ता चुकला असेल. त्याने पाकिटावर पत्ता दोनदा लिहायला सुरुवात केली. मग लिहिलं, 'मला इथून घेऊन जा. मी झाडांना पाणी घालीन, बोलणार नाही.' त्यालाही उत्तर नाही. ते पत्र टाकल्यावर पंधरा दिवस तो जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला उठून बसे. नंतर उठणं थांबलं. रात्रपाळीचा, खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी वाचायला जुनी पुस्तकं देई, ती तो वाचू लागला. चुका शोधू लागला. चुका सापडल्या की बरं वाटू लागलं. चौदा महिन्यांनी ताई आली तेव्हा तो मुद्रित वाचत होता. मान वर करून म्हणाला, "बस, एवढी गॅली संपवतो." ती स्टुलावर बसली. गॅली संपेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो मुद्दाम हळू वाचत होता. "बरा दिसतोस," ती म्हणाली. "बरा आहे," तो म्हणाला. झालं. पुढची पंचावन्न वर्षं ते दोघं एकमेकांना बरंच दिसत आले होते.

त्या रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, झारी उचलली, आणि परत ठेवली.

"काय हो?" बायको म्हणाली. "घरजावई रुसला की तुम्ही?"

"वीस दिवस पाणी तोडणार आहे त्याचं."

"जमेल तुम्हाला? भिकाऱ्याला नाही म्हणताना चार वेळा माफी मागता तुम्ही."

जमणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. फुलं येतील न येतील, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याला बघायचं होतं, ताण देणाऱ्याचं काय होतं ते. चार दिवस काहीच झालं नाही. वेलीत सहा वर्षांचं पाणी साठलेलं होतं. सहाव्या दिवशी शेंड्याकडची पानं मऊ पडली. आठव्या दिवशी सगळी खाली आली, हातातून वस्तू सुटावी तशी. त्याने खुर्ची बाल्कनीतून आतल्या खोलीत नेली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण दिवसातून सात-आठदा बाहेर जातो आहोत: टॉवेल वाळत घालायला, टॉवेल काढायला, समोरच्या इमारतीचं रंगकाम कुठवर आलं ते बघायला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान तिरकी केली की कुंडी दिसे. तो तिथे उभा राहून चहा प्यायला लागला. लांबून, कोपऱ्यावरून. तेव्हा त्याला छापखान्याचा फोरमन आठवला. कुणाशी चार शब्द न बोलणारा तो माणूस दर महिन्याच्या सुरुवातीला याला बोलावून विचारायचा, "भूक लागते का रे? झोप लागते? कुणाशी बोलतोस का?" आणि उत्तर ऐकताना याच्या कॉलरकडे, नखांकडे बघायचा. तेव्हा वाटे, काय भोचक माणूस आहे. त्याला कुणी विचारायला सांगितलं होतं का? की हे आपण आता रचतो आहोत, शब्द कळला म्हणून त्याला शोभेल अशी गोष्ट जुळवतो आहोत? फोरमन जाऊन तीस वर्षं झाली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. एक ताई सोडून.

आणि ती पत्रं? इतकी वर्षं तो धरून चालला होता, की तिने ती उघडलीच नसणार. उघडली असती तर आली असती. आता खिडकीशी उभं राहून त्याला पहिल्यांदा वाटलं, उघडली असतील. 'बोलणार नाही' हे तिने वाचलं असेल, घडी करून कुठेतरी ठेवलं असेल, आणि पुन्हा पिशव्यांत माती भरायला बसली असेल. या विचाराने त्याला रडू यायला हवं होतं. आला तो राग. मला विचारलं होतंस? झाडांच्या शास्त्राने माणूस वाढवतात का? नव्या रोपाला ताण द्यायचा नसतो, हे त्या माळिणीला कळतं, तुला कळलं नाही? तू तेवीस-चोवीस वर्षांची होतीस म्हणा. चोवीस वर्षांच्या पोरीला काय कळतं. चोवीस वर्षांची पोर! त्याला तिचं वय कधी मोजावंसंच वाटलं नव्हतं. ती त्याच्या डोक्यात कायम मोठीच होती. आणखी दोन वर्षं जरी तिने त्याला तिथे ठेवून घेतलं असतं, तरी तो पिशव्याच भरत बसला असता, हे तिला दिसलं असेल. किंवा तिला फक्त दमल्यासारखं झालं असेल. वयाच्या तेराव्या वर्षापासून ती कुणाची तरी आई होती. ज्या गोष्टीला ती आता ताण म्हणते, तिला तेव्हा तिच्याकडे काय शब्द होता, कोण जाणे.

तेराव्या दिवशी दुपार कलल्यावर भाचीचा फोन आला. बायकोने घेतला, "मामांना देते," म्हणाली आणि तो हातवारे करून नको म्हणेपर्यंत रिसीव्हर त्याच्या कानाला लावून मोकळी झाली.

"मामा, तुम्हाला त्रास नाही देत. एकच सांगायचं होतं." भाचीचा आवाज दमलेला होता. "आईचं आता काही खरं नसतं. आज सकाळी मला विचारत होती, बाळचं पत्र आलं का गं? मी म्हटलं, नाही अजून. दुपारी मीच विषय काढला, म्हटलं, बाळमामाला फोन करू का? तर म्हणाली, कोण बाळ?"

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मामा? आहात ना?"

"आहे. तिला दे फोन."

"फोनवर ऐकूच येत नाही हो तिला. चिडते. वाचते मात्र. भिंग घेऊन पेपरचे मथळे वाचत बसते दिवसभर. बारीक अक्षर नाही लागत."

"मथळे वाचते?"

"तेवढं मोठं असलं तर वाचते. मामा, मी काही म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा. पण आज विचारते, तशी पुढच्या आठवड्यात विचारेलच, असं मला नाही सांगता यायचं."

त्याने रिसीव्हर ठेवला आणि सरळ मोरीत जाऊन झारी भरली. बायको त्याच्या मागोमाग बाल्कनीपर्यंत आली. पहिलं पाणी मातीने घेतलंच नाही. माती कडेने सुटली होती, त्या फटीतून ते खाली उतरलं आणि बुडातून बाहेर वाहून फरशीवर आलं. तो खाली बसला. पुन्हा घातलं, थोडं थोडं, थांबून थांबून. बुडबुडे आले. माती चुरचुरली.

"वीस म्हणाला होतात ना?" बायको म्हणाली. "सात राहिले होते."

"हो."

"मग फुलं?"

"नाही येणार."

तिने काही टोमणा मारला नाही. फडकं आणून फरशी पुसली, आणि पुसता पुसता म्हणाली, "मोठ्या अक्षराला ती जाड पेनं लागतील. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे एक, खुणा करायचं. ते घ्या."

टेबलाशी बसल्यावर त्याने आधी मसुदे बाहेर काढले. सात पानांचा तो मसुदा मथळ्याच्या अक्षरात लिहायचा तर सत्तर पानं झाली असती. मथळा म्हणजे छत्तीस पॉइंट, कमी नाही. कागदावर आठ ओळी बसतील, ओळीत तीन-चार शब्द. त्याने कोऱ्या कागदावर बोटांनी माप घेतलं. 'मला विचारलं नव्हतंस' याला एक आख्खी ओळ गेली असती. 'मी किती वाट पाहिली' याला दुसरी. छापखान्यात जागा कमी पडली की संपादक ओरडत, काढा, काढा, कशावाचून अडतंय? आणि तो पेन्सिल घेऊन काढत जाई, दुसऱ्यांची आवडती विशेषणं, दुसऱ्यांची दुखणी. त्याला त्यात कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. पंचावन्न वर्षांचं भांडण जागेअभावी जात होतं. पण ते भांडण ज्याच्याशी करायचं ते माणूस दुपारी 'कोण बाळ' म्हणालं होतं. भांडायलासुद्धा आता दोन माणसं पुरी नव्हती.

त्याने लिहिलं, 'ताई,' आणि खाली, 'ताण जास्त झाला.' हे खरं होतं, ते राहायला हवं होतं. तिने कबूल केलं होतं, त्याने पोच द्यायला हवी होती. पुढच्या ओळीवर तो अडला. 'पण मी लागलो.' रोप लागतं, कलम लागतं, तसं. पण लागलो का? फांदी लागली की नाही हे ताई चिमटीत धरून हलकेच ओढून बघायची. सहज वर आली तर गेली. हाताला ओढ जाणवली तर लागली. स्वतःला असं ओढून कसं बघणार? एक बायको, दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, कुणाच्याही पुढे उभं राहून चार वाक्यं धड न बोललेला जन्म. फूल म्हणून दाखवावं असं काही नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. इथून उठून दुसरीकडे राहायला जा, असं कुणी म्हटलं तर? त्याला नुसत्या विचाराने छातीत कुठेतरी धरल्यासारखं झालं. त्याने लिहिलं, 'पण मी लागलो.'

मग भराभर, शाई वाळायची वाट न बघता: 'वेलीला फूल नाही. मी पाणी फार घातलं. मी येतो आहे.' आणि शेवटी 'बाळ'. एवढं पुरलं असतं, सहा वर्षांपूर्वी. आता त्याने तळाशी उरलेल्या जागेत, अक्षरं जराही बारीक होऊ न देता लिहिलं, 'तुझा भाऊ'.

टपालपेटी चौकात होती. उजेड अजून होता; कामावरून सुटलेली माणसं घरी चालली होती. पेटीच्या तोंडात त्याने पाकीट अर्धं सरकवलं आणि तसंच धरून उभा राहिला. उद्या पोचेल? परवा? पोचेल तेव्हा ती सकाळ असेल की दुपार? सकाळची ताई ओळखेल. दुपारची भिंग घेऊन प्रत्येक अक्षर लावील, नीट, एकही ओळ न गाळता, आणि कागद खाली ठेवून मुलीला विचारील, कुणाचं गं हे?

"टाकताय ना, आजोबा?" मागून कुणीतरी म्हणालं. एक बाई, तिच्याही हातात पाकिटं होती.

"हो, हो. माफ करा," तो म्हणाला, आणि त्याने बोटं सोडली.

पाकीट आत कुठेतरी कागदांवर पडल्याचा आवाज आला. तो बाजूला झाला, चार पावलं चालला, आणि थांबला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून गेलेला एकही कागद असा गेला नव्हता. पाकिटात घालण्याआधी त्याने ते पत्र एकदाही वाचून पाहिलं नव्हतं.